आठ दिवसांवरचं कुवेत

"चार तास," ईरण्णा म्हणाला आणि विझत आलेली बिडी दोन झुरक्यांत पुन्हा जागी केली. "घड्याळं निराळी असतेत तिकडली, पर बसायचे तास चारच. मधी जेवण देतेत. ते खाऊन हात पुसूस्तवर खाली मुंबई दिसाया लागती."

ढोकीच्या ठेसनात बसलेल्या सगळ्यांना हसू आलं. कोंडीरामला तर जास्तच. त्याचा थोरला, बब्रुवान, तीन वर्षांनी कुवेतहून परत येत होता आणि आज म्हाताऱ्याला कशाचंही हसू आलं असतं. "आरं, चार तास तर ही आपली बारकी गाडी कुर्डुवाडीपासनं हितवर यायला घेती!" तो म्हणाला. "तेच तर म्हंतोय मी," ईरण्णा म्हणाला. "तेवढाच येळ. पावणेतीन हजार किलोमीटर हाय म्हने. खुर्चीच्या म्होरं नकाशा असतोय, त्यात लिवलंय." ईरण्णा साखर कारखान्यातला फिटर, बब्रुवान तिथलाच वेल्डर, दोघं एकाच विमानानं गेले होते. ईरण्णा करार संपवून गेल्या पंधरवड्यात परतला, आणि तेव्हापासून भेटेल त्याला विमान सांगत सुटला होता. हसली नाही ती फक्त बब्रुवानची बायको, जगदेवी. तिच्या हातात ताट होतं. ताटात कुंकू, निरांजन, पाण्याचा गडू आणि भाकरीचा तुकडा. लांबून आलेल्या माणसावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचा असतो, म्हणजे वाटेतली पीडा मागच्या मागं जाते. एरवी हे घराच्या दारात होतं. पण कुवेतची पीडा गावापर्यंत कशाला येऊ द्यायची, ती ठेसनातूनच परत पाठवलेली बरी, असं तिच्या सासूचं, द्वारकाबाईचं मत पडलं. जगदेवीनं ताट सावरलं. पायऱ्या संपल्या म्हणून पाय टाकावा आणि खाली आणखी एक पायरी निघावी, तसं तिला झालं होतं. चार तास. ती मनात म्हणाली, आणि कुणीतरी खोटं बोलतंय एवढंच तिला आधी समजलं. कोण, ते समजायला थोडा वेळ लागला.

कारण कुवेत आठ दिवसांवर होतं. हे साऱ्या घराला ठाऊक होतं, भावकीला ठाऊक होतं. बब्रुवान निघाला तेव्हा ओट्यावर पाचसहा म्हातारी माणसं बसून हे ठरलं होतं. आपल्याकडं वाट कोसांत कोण मोजतो? वाट मोजायची शिदोरीत. तुळजापूर एका शिदोरीचं, पंढरपूर दोन-तीन शिदोऱ्यांचं. कोंडीराम निजामाच्या राज्यात बैलगाडीनं हैदराबादला जाऊन आला होता, त्याला आठ दिवस लागले होते, आणि त्या आठ दिवसांवर त्यानं उभा जन्म काढला होता. कुठलाही विषय निघो, म्हातारा तो हैदराबादेत नेऊन सोडायचा. तर त्यानं न्याय दिला की हैदराबादला आठ दिवस लागत असतील, तर कुवेत त्याच्याही पलीकडं, समुद्र ओलांडून. पण हे विमान आहे, बैलगाडी नव्हे. तेव्हा विमानाचा वेग आणि वाटेचा लांबपणा एकमेकांत वळते करून आठ दिवस धरावेत. सगळ्यांनी माना हलवल्या. बब्रुवाननंही हलवली. त्या बिचाऱ्याला तरी तेव्हा कुठं काय माहीत होतं? मग जगदेवीनं आठ दिवसांच्या दशम्या केल्या. ज्वारीचं पीठ दुधात मळलं, पाण्याचा थेंब लागू दिला नाही, कारण पाणी लागलं की दशमी तिसऱ्या दिवशी आंबते. त्यांची पोर, मथू, तेव्हा मांडीवरून नुकती खाली उतरली होती. ती पिठाच्या परातीत हात घालायची आणि जगदेवी उलथन्यानं तिला भिववायची. वर शेंगदाण्याची चटणी, कांदे. गाठोडं एवढं झालं की उचलताना बब्रुवान म्हणाला, "आगं, मी एकटा चाललोय, वऱ्हाड न्हाई." ती हसली होती. नवरा आठ दिवस उपाशी राहणार नाही, याचं तिला फार बरं वाटलं होतं. आता त्या बऱ्या वाटण्याचीच तिला चीड आली.

"त्येंच्या दशम्यांचं काय झालं हो, भावजी?" तिनं एकदम विचारलं. सासऱ्यादेखत परक्या माणसाशी ती सहसा बोलायची नाही, त्यामुळं कोंडीरामनं मान वळवून बघितलं. ईरण्णा खुशीत आला. "आवो वैनी, त्येची गंमतच झाली! कुवेतात उतरलो तवा गाठोड्याची गाठ बी सुटली नव्हती. मंग खोलीवर धा-बारा जणांनी मिळून खाल्ल्या. केरळचे हुते, एक पंजाबी हुता. एका रातीत साफ! लई नावाजल्या तुमच्या दशम्या." आणि तो पुन्हा हसला. त्याच्या हसण्यात वाईट काही नव्हतं. पण त्याच क्षणी जगदेवीला पक्कं कळलं की बब्रुवानला पहिल्याच दिवशी माहीत झालं होतं. गाठोड्याची गाठ सुटायच्या आत माहीत झालं होतं.

"काय म्हन्तोय त्यो?" कमी ऐकू येणाऱ्या द्वारकाबाईनं विचारलं. "काय न्हाई, आत्याबाई. गाडी येतीया म्हन्तेत," जगदेवी म्हणाली. सासू तिच्याजवळ सरकून बसली. आज तिच्या अंगात हत्तीचं बळ आलं होतं. तिनं सुनेच्या पदराचं टोक ओढून डोकं नीट झाकलं आणि तिला हळू वाटेल अशा, म्हणजे अर्ध्या ठेसनाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "चाळीस दिसाची सुट्टी हाय त्येला. ह्या खेपंला ध्येनात ठिव. पाळणा हलाया पायजे. मंग जाऊ दे की त्येला परत, काय लागतंय? आमी हावोत की संबाळाया." पलीकडच्या बाकावरच्या दोन बाया गालात हसल्या. जगदेवीनं खाली मान घातली. गेला महिनाभर घरात हेच चाललं होतं. तो येणार, चाळीस दिवस राहणार, पाळण्याची सोय करणार आणि पुन्हा तीन वर्षांसाठी जाणार. जसं जमिनीत बी टाकून माणूस दुसऱ्या कामाला जातो. आणि जगदेवीही हो म्हणाली होती. म्हणजे नाही म्हणाली नव्हती, घरात ते एकच असतं. ज्या माणसाला मनात असूनही यायला आठ दिवस लागतात, त्याच्यावर रागावून काय उपयोग? वाटेवर कोण रागावतो? लांब आहे ते लांब आहे. दोन वर्षं तिनं स्वतःला हेच पाजलं होतं, आणि ते अंगी लागलंही होतं.

बब्रुवान गेल्यावर वर्षभरात, उन्हाळ्यात, मथू गेली. विहिरींनी तळ दाखवला होता. माणसं मिळेल ते पाणी पीत होती. पोरीला सकाळी उलट्या सुरू झाल्या, दुपारी डोळे खोल गेले. दवाखाना गाठायला कोंडीरामनं बैलगाडी जुंपली. जगदेवी पोरीला मांडीवर घेऊन गाडीत बसली. तिच्या ओठांवर ओलं फडकं फिरवत होती आणि बैलांना मनातल्या मनात ढकलत होती. रेल्वेच्या फाटकाशी गाडी पोचली तेव्हा पोरीची मान कलली. फाटक उघडंच होतं. त्यानंतरचं जगदेवीला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. कुणीतरी पोर तिच्या हातांतून सोडवून घेतली. पुरुष माणसं पोरीला पुरायला ओढ्याकडं घेऊन गेली. जगदेवी मागं निघाली तर द्वारकाबाईनं तिला दंडाला धरून दारात बसवलं. आईनं तिकडं जायचं नसतं, पुढचं लेकरू राहत नाही. ती बसली. बसली म्हणजे बसवलेली राहिली. मग बब्रुवानला तार गेली. रोज संध्याकाळी ती ओट्याच्या कडेला उभी राहून बोटांवर दिवस मोजायची. आज चौथा, आज पाचवा, आता समुद्र ओलांडला असेल. आठव्या दिवशी तिनं आंघोळ केली, केस विंचरले आणि अंधार पडेपर्यंत उभी राहिली. माणसाला दुःखात असं कसं सुचतं कोण जाणे, पण तिनं त्या दिवशी दोन भाकरी जास्त थापल्या होत्या.

त्यानंतर महिन्यानं आली ती कॅसेट. सुट्टीवर आलेल्या कुण्या वेल्डरनं ती आणून दिली. घरात टेपरेकॉर्डर नव्हता, म्हणून कारखान्यासमोरच्या व्यंकटच्या हॉटेलात ती लावली. कारखान्यातली माणसं चहा पीत होती, भजी तळली जात होती, आणि टेबलावरच्या त्या डब्यातून बब्रुवान बोलायला लागला. म्हाताऱ्यांनी टेबलाभोवती कोंडाळं केलं. जगदेवी आत, भट्टीच्या आडोशाला, लाकडांच्या ढिगाजवळ उभी होती. आधी त्यानं सगळ्यांना नमस्कार सांगितला. मग खूप वेळ नुसता पंख्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "मथूचं कळलं. म्या निगालो असतो. पर आप्पा, तुमाला तर ठावंच हाय, आठ दिसाची वाट. म्या येऊन तरी काय बघणार हुतो?" त्यानंतर त्याला खोकला आला आणि पुढं तो बैलांच्या जोडीबद्दल बोलला. हॉटेलातली माणसं हळहळली. "खरं हाय, आठ दिस म्हंजे काय चेष्टा न्हाई," कुणीतरी म्हणालं. कोंडीरामनं डोळे पुसले. आपण धरलेला हिशोब बरोबर निघाला याचं म्हाताऱ्याला त्या दुःखातही थोडं समाधान वाटलं असणार. आणि भट्टीच्या धगीत उभ्या असलेल्या जगदेवीनं नवऱ्याला माफ केलं. एका झटक्यात, सगळं. तिला त्याची दयाच आली, की एवढ्या लांब, एकटा, पोरीचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही.

ठेसनात झळा लागत होत्या. रुळांपलीकडं कारखान्याची चिमणी थंड उभी होती, हंगाम संपला होता, तरी मळीचा आंबूस वास हवेत होताच. जगदेवीनं त्याची बाजू घेऊन बघितली. बायको असून त्याची बाजू नाही घ्यायची तर कोण घेणार? रजा नसेल मिळाली. साहेब वाईट असेल. विमान रोज नसेल. मग तसं सांगायचं. साहेब वाईट आहे म्हणून सांगायचं. ती साहेबाला शिव्या देत बसली असती. पण त्यानं वाट लांब केली. बापाच्या तोंडचे आठ दिवस उचलले आणि तिच्या पुढ्यात टाकले, आणि तिनं ते गिळले. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर ती लहानपणी आईबरोबर जायची. मुकादम म्हणायचा, पाटी टाकायची जागा ती काय जवळच आहे. आणि आई दिवसभर डोक्यावर पाटी घेऊन त्या जवळच्या जागेला जात-येत राहायची. एकदा छोटी जगदेवी त्याला म्हणाली होती, "मंग तुमीच जावा की." आईनं तिच्या पाठीत रपाटा घातला होता, पण नंतर झोपताना तीच हसत होती. त्या पोरीचं पुढं काय झालं? जगदेवीला ती एकदम आठवली, तिचे फुटलेले हात, तिचं ते तोंड. लग्नात कुठं राहिली ती? तिला इतका राग आला की हातातलं ताट कललं आणि निरांजनातलं तेल कुंकवात सांडलं. "आगं, ध्यान कुटं हाय तुजं?" द्वारकाबाई म्हणाली. ध्यान ठिकाणावर होतं. दोन वर्षांत पहिल्यांदाच होतं.

गाडी आली. ती नेहमी येते तशीच आली, म्हणजे आधी धूर, मग शिटी, मग पुष्कळ वेळ काहीच नाही, आणि मग एकदाचे ते बुटके डबे. वळणावर दोन पोरगे उतरून गाडीबरोबर चालत येत होते. बब्रुवान उतरला. अंग भरलं होतं, डोळ्यांवर काळा चष्मा, अंगाला अत्तराचा वास, एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात नवा कोरा टेपरेकॉर्डर. त्यानं बापाच्या पाया पडायला चष्मा काढला, तेव्हा जगदेवीला तो एकदम आपला वाटला. डोळ्यांखाली काळं झालं होतं. केस मागं गेले होते. क्षणभर तिला वाटलं, जाऊ दे. जाऊ दे हा शब्द बायकांच्या तोंडात किती तयार असतो! द्वारकाबाईनं लेकाच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली आणि सुनेकडं वळली. "बगत काय उबी राह्यलीस? ओवाळ की."

जगदेवी पुढं झाली. ताट तिनं वर उचललं नाही.

"एक इचारायचंय," ती म्हणाली.

"घरी इचार की," तो हसला. "पळून चाललोय व्हय?"

"न्हाई, हितंच. कुवेतापसनं मुंबईला किती येळ लागला?"

"चार तास. तेबी पुरतं न्हाई, वारं मागनं हुतं म्हने, म्हून..." तो मोठ्या हौसेनं सांगू लागला आणि मधेच थांबला. त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं होतं.

"मथू गेली तवा आठ दिस लागत हुते," जगदेवी म्हणाली.

ईरण्णाला आपण काय करून बसलो ते आत्ता समजलं. तो उगाच रुळांकडं बघू लागला. कोंडीरामचा पारा चढला. "आगं ए, ठेसन हाय ह्ये. चार मानसं बगतेत. घरचं घरी बोलावं."

"मामा, क्यासेट बी हाटेलातच लावली हुती," ती म्हणाली. "तवा चार मानसं हुतीच की. म्या लाकडामागं हुते."

सून गेल्या सात वर्षांत म्हाताऱ्याला उलट बोलली नव्हती. बब्रुवाननं टेपरेकॉर्डर खाली ठेवला. "पासपोट त्येंच्याकडं असतोय, जगदेवी," तो खालच्या आवाजात म्हणाला. "कंपनीच्या कपाटात. म्या सायबाच्या पाया पडलो, खरंच पडलो. तो म्हनला, बायका-पोरं रोजच मरतेत कुनाची ना कुनाची. मंग काय सांगू आप्पास्नी? की तुमचा लेक हितं कोंडून घातलाय? लाज वाटली. आप्पांचे आठ दिस तयारच हुते. वाटलं, तुला बी बरं वाटंल. मानूस आलं न्हाई त्यापेक्षा मानसाला येताच येत नव्हतं, ह्ये बरं."

तो खरं बोलत होता. तिला ते तत्काळ कळलं आणि त्यामुळं राग कमी व्हायला हवा होता, पण उलट वाढला. म्हणजे तोही तिकडं कोंडलेला, पाया पडणारा, आणि तिला त्यातलं काही मिळालं नाही. तिच्या वाट्याला आलं ते म्हाताऱ्याच्या बैलगाडीचं गणित.

"लाज तुमची," ती म्हणाली. "आन ती वाट म्या चालले. रोज. आज चवथा दिस, आज पाचवा. आठव्या दिशी तुमच्या नावाच्या भाकरी केल्या, ठावं हाय? खरं सांगितलं असतं तर तुमी तिकडं न् म्या हिकडं, पर दोघं मिळून रडलो तर असतो. त्येबी तुमी ठिवलं न्हाई." तिचा आवाज फुटला, तिनं तो तसाच फुटका पुढं नेला. "आता आयका. आत्याबाई, तुमीबी आयका, म्या मोठ्यानं बोलते. चाळीस दिसाच्या मानसापासनं मला लेकरू नको. तुमाला परत जायाचं असंल तर मला संगं न्या, न्हाईतर हितं ऱ्हावा, कारखान्यात झाळायला लोखंड लई पडलंय. पर म्या हितं एकटी बसून दुसरं लेकरू मातीत घालनार न्हाई. चार तासाची वाट असू दे, न्हाईतर आठ दिसाची."

"काय म्हन्ती ही? काय म्हन्ती?" द्वारकाबाई विचारत राहिली, पण तिच्या चेहऱ्यावरून तिला सगळं ऐकू आलेलं दिसत होतं. जगदेवीनं ताट सासूच्या हातात दिलं. "तुमी ओवाळा, आत्याबाई. तुमचा लेक हाय. पर घरला मागनं. आदी ह्येनी मथूकडं जायाचं."

"उंबरा वलांडल्याबिगर मसनवटीत?" कोंडीराम ओरडला. "लांबनं आल्यालं मानूस! डोस्कं फिरलं का तुजं? आन तुला काय ठावं ती जागा? बाया जातेत का तिकडं?"

"म्या जाते," जगदेवी म्हणाली. "दर अमुशाला जाते. तुमी तिथं दगूड ठिवला हुता त्यो ढळला हुता, म्या नीट केला."

हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सांगून झाल्यावर तिला वाटलं होतं तशी भीती काही वाटली नाही. तिनं पदर खोचला, जिना-कठडा काही नसलेल्या त्या बुटक्या फलाटावरून खाली उतरली आणि रुळाच्या कडेनं ओढ्याच्या दिशेनं चालू लागली. नवरा परत आलेल्या बाईनं त्याच्या मागं दोन पावलं चालायचं असतं, डोईवर त्याची बॅग घेऊन. ती पुढं निघाली होती, मोकळ्या हातांनी. मागं कोंडीराम काहीतरी शपथ घालत होता. द्वारकाबाई ताट धरून लेकाच्या अंगावरून भाकरतुकडा ओवाळायचा प्रयत्न करत होती आणि लेक एका जागी उभा राहत नव्हता. जगदेवीनं मागं वळून बघितलं नाही. तो आला नाही तर नाही. आपण आज इथून तिथंच जाणार आणि तिथून आपल्या घरी येऊन आपल्या चुलीपुढं बसणार, कोण उठवतो ते बघू. खडी पायाखाली करकरत होती. ऊन तोंडावर होतं.

मग तिच्या मागं दुसरी खडी वाजायला लागली. नव्या बुटांची, अडखळत. बब्रुवान धापा टाकत जवळ आला. बॅग नव्हती, चष्मा नव्हता, कपाळावर घाईनं लावलेलं तेलकट कुंकू घामानं ओघळत होतं. तो थोडा वेळ तिच्या पावलाला पाऊल जुळवत चालला. फाटक आलं, तिथं तो थबकला, कारण मथू इथंच गेली एवढंच त्याला ठाऊक होतं, बाकीचं कुणीतरी सांगायला हवं होतं आणि ती थांबली नव्हती. तो पुन्हा पळत गाठायला आला.

"लांब हाय का गं?" त्यानं विचारलं.

"चाला," ती म्हणाली. "कळंल."